देह सोपवण्याआधी नोंदी मागा

चोपडा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची इच्छा आहे. पत्रातील आवश्यक तेवढा भाग असा:

“माझ्या यजमानांनी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. निवृत्तीनंतर त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि आता तो हाडांत उतरला आहे. तेव्हापासून त्यांनी क्रायोनिक्सचा ध्यास घेतला आहे. मृत्यूनंतर देह द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचा आणि पुढे कधीतरी उपाय सापडला की त्यातून माणूस उठवायचा, असे ते समजावून सांगतात. एका परदेशी संस्थेशी त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. त्यासाठी तापीकाठची केळीची तीन एकर जमीन विकायची त्यांची तयारी आहे. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आबांची इच्छा आहे तर करू द्या. दीर म्हणतात, अग्नी दिल्याशिवाय गती नाही, आपल्या घरात हे चालणार नाही. मी एवढेच विचारले की, देह त्यांच्या ताब्यात गेल्यावर नेमके काय करतात, कोण करते, आणि याआधी ज्यांचे केले त्यांचे काय झाले? यांनी संस्थेला तसे कळवले, तर उत्तर आले की आमची पद्धत अत्याधुनिक आहे, बाकीचा तपशील रुग्णांच्या खासगीपणामुळे देता येत नाही. आता हे म्हणतात, एवढ्या मोठ्या संस्थेला खोदून खोदून विचारणे बरे दिसत नाही. माझे विचारणे चुकले का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले विचारणे मुळीच चुकलेले नाही. या विषयात आजवर आपल्या घरात जेवढी चर्चा झाली असेल, त्यात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. हर्नियाचे ऑपरेशन झाले तर रुग्ण दोन-चार दिवसांत चालू लागतो, टाके चिघळले तर ते दिसतात, आणि कुठे हयगय झाली असेल तर तो स्वतः डॉक्टरांना जाब विचारतो. क्रायोनिक्समध्ये यातले काहीच घडत नाही. देह संस्थेच्या स्वाधीन केल्यावर त्याचे काय झाले हे तो माणूस सांगू शकत नाही, घरच्यांना ते पाहता येत नाही, आणि काम चांगले झाले की वाईट याचा निकाल आपल्या हयातीत लागण्याची शक्यता नाही. अशा सेवेत संस्थेची पारख करण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे तिने त्या त्या वेळी लिहून ठेवलेल्या आणि बाहेरच्यांना वाचायला दिलेल्या नोंदी. म्हणून माझा सल्ला आरंभीच सांगतो: आधीच्या रुग्णांवर काय काय केले याचे सविस्तर अहवाल हाती पडेपर्यंत सरांनी करारावर सही करू नये, आणि जमिनीला तर हातच लावू नये.

सरांचा ध्यास मी वेडात काढणार नाही. त्यामागे खरे विज्ञान आहे. ते जिथवर पोहोचले आहे आणि सरांना जिथे पोहोचायचे आहे, त्यांतले अंतर मात्र फार मोठे आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी ठेवलेले द्रवरूप नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, पात्र आपण पाहिले असेल. अरुंद गळ्याचे, अ‍ॅल्युमिनियमचे ते पात्र उघडले की पांढरी वाफ काठावरून खाली उतरते, आणि आत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात रंगीत कांड्यांमध्ये वळूचे वीर्य वर्षानुवर्षे टिकून राहते. त्याला वीज लागत नाही, पण नत्र रोज थोडा थोडा उडत असतो, म्हणून तिथले कर्मचारी पट्टी बुडवून पातळी पाहतात आणि वेळेवर भर घालतात. ग्लिसरॉल मिसळून गोठवलेले शुक्रजंतू पुन्हा हालचाल करू लागतात, हे १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले, त्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून पहिले मूल १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मले, आणि आज आपल्याकडच्या वंध्यत्व उपचार केंद्रांतही ते काम नित्याचे झाले आहे.

पण कांडीतले वीर्य आणि अख्खा माणूस यांत मूलभूत फरक आहे. इवलीशी कांडी क्षणात आतपर्यंत गार होते आणि तिच्यातल्या प्रत्येक पेशीपर्यंत ग्लिसरॉल सहज पोहोचते. अवयव मोठा झाला की तो गार व्हायला वेळ लागतो, त्या वेळात पाण्याचे बर्फ होते, आणि बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणे फाडतात. आपल्याकडच्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको: चांगले पिकलेले केळे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढले तर त्याचा काळा लगदा होतो, आणि ते पुन्हा गार केल्याने पूर्ववत होत नाही. हे टाळण्यासाठी देहातले रक्त काढून त्या जागी गोठणरोधक द्रावण भरायचे, म्हणजे पुढे कितीही गार केले तरी स्फटिक न होता सगळे काचेसारखे घट्ट होते, अशी आजची पद्धत आहे. या वाटेवरचे सर्वांत भक्कम पुरावे छोट्या प्राण्यांच्या अवयवांचे आहेत. अमेरिकेत ग्रेगरी फाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाचे एक मूत्रपिंड असे काचेसारखे करून, पुन्हा ऊबदार करून सशात बसवले, आणि तो ससा त्या एकाच मूत्रपिंडावर जगला. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मिनेसोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये उंदरांची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत साठवून त्यांचे यशस्वी रोपण केल्याचे जाहीर केले. अख्खा सस्तन प्राणी उणे १९६ अंशांवरून परत जिवंत झाल्याचे एकही उदाहरण नाही, आणि माणसाचे तर नाहीच. सर विज्ञानाचे शिक्षक आहेत, त्यांना हे माहीत असणार. तरीही त्यांच्याशी बोलताना आपण हा भाग आधी मांडावा, म्हणजे आपण त्यांच्या आशेला विरोध करत नसून कामाच्या दर्जाबद्दल विचारत आहात, हे त्यांना कळेल.

दर्जाचा प्रश्न कुठे कुठे येतो, ते आता सांगतो. चांगल्या परिस्थितीत काय व्हायला हवे, हे या क्षेत्रातल्या संस्थांनीच लिहून ठेवले आहे. संस्थेची तुकडी रुग्णाच्या उशाशी आधीपासून हजर असते. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करताच देह बर्फाच्या पाण्यात ठेवतात, यंत्राने छाती दाबून रक्त फिरते ठेवतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन आणि इतर औषधे देतात. मग रक्त धुऊन काढून अवयव जपणारे द्रावण भरतात आणि देह शून्याजवळ आणून मुख्य केंद्रात नेतात. तिथे शस्त्रक्रिया करून मोठ्या रक्तवाहिन्यांमधून गोठणरोधक द्रावण हळूहळू वाढत्या तीव्रतेने सोडतात. कवटीला लहान छिद्रे पाडून मेंदूकडे डोळ्यांनी पाहतात, कारण द्रावण नीट पोहोचत असेल तर मेंदू आकसतो, आणि तो सुजून छिद्राकडे सरकू लागला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. त्यानंतर नायट्रोजनच्या वाफेने तापमान खाली आणतात. उणे १२० अंशांच्या आसपास द्रावण काच बनते; तिथून आणखी खाली उतरताना त्या काचेला तडे जाऊ शकतात, आणि तडे ऐकण्यासाठी काही ठिकाणी मेंदूजवळ सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवतात. शेवटी देह डोके खाली करून मोठ्या पात्रात ठेवतात, म्हणजे कधी नत्राची पातळी घसरलीच तर डोके सर्वांत शेवटी उघडे पडेल.

हे वाचताना आपल्याला त्रास झाला असेल, याची मला जाणीव आहे. तरी हे आपल्याला आत्ता माहीत असायलाच हवे, कारण यातल्या प्रत्येक पायरीवर काम बिघडू शकते आणि अनेकदा बिघडलेलेही आहे. मृत्यू अचानक झाला आणि तुकडी पोहोचायला तास लागले. शवविच्छेदन करावे लागले. रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्यामुळे द्रावण मेंदूच्या एका बाजूला गेलेच नाही. पंप बंद पडला. नळी चुकीच्या जागी बसली. जिथे द्रावण भरणे शक्यच नसते, तिथे देह कोरड्या बर्फात, म्हणजे उणे ७८ अंशांच्या आसपास, तसाच गोठवून पाठवतात. मग मघाशी सांगितलेले स्फटिक सर्वत्र होतात. संस्थेच्या पत्रकात मात्र या सर्वांना एकाच रांगेत ‘जतन केलेले रुग्ण’ म्हणून मोजलेले असू शकते. माहितीपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्षातली स्थिती यांतला फरक फक्त प्रत्येक रुग्णाच्या स्वतंत्र अहवालातूनच दिसतो.

या क्षेत्राच्या इतिहासातली एक हकिकत मी सरांना अवश्य वाचायला सांगेन, कारण तिच्यात दोन्ही वाटा आहेत. मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचा देह १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात गोठवण्यात आला. क्रायोनिक्सने जतन केलेले ते पहिले गृहस्थ. ते काम ज्यांनी पार पाडले, त्यांत रॉबर्ट नेल्सन होते. या नेल्सन यांनी पुढे आणखी काही देह लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील दफनभूमीतल्या एका तळघरात ठेवले. पैसे संपले, पात्रे नादुरुस्त झाली, नत्राची भर पडेना, आणि नऊ देह वितळून कुजून गेले. त्यांत एक लहान मुलगीही होती. तिथे काय चालले आहे हे काही कुटुंबांना वर्षानुवर्षे सांगितले गेले नाही. ते मनाने आपला माणूस सुरक्षित आहे असेच धरून चालले होते. १९७९ मध्ये हा प्रकार उघडकीस आला आणि १९८१ मध्ये न्यायालयात नेल्सन हरले.

बेडफर्ड यांचा देह मात्र वाचला, कारण त्यांच्या पत्नीने आणि मुलाने तो नेल्सन यांच्या भरवशावर सोडला नाही. जागा अनेकदा बदलली, काही वर्षे तर कुटुंबाने स्वतःच नत्र भरत तो सांभाळला, आणि शेवटी तो अल्कॉर या अमेरिकेतल्या क्रायोनिक्स संस्थेकडे गेला. १९९१ मध्ये त्यांना नव्या पात्रात हलवताना तिथल्या लोकांनी देहाची तपासणी करून जे दिसले ते सगळे लिहून प्रसिद्ध केले: छातीवरची आणि मानेवरची त्वचा लालसर पडली आहे, नाकातोंडाजवळ रक्त गोठलेले आहे, सोबतच्या बर्फाच्या कडा अजून तशाच धारदार आहेत, म्हणजे मधल्या काळात देह वितळलेला नसावा. जुन्या, कच्च्या पद्धतीने केलेल्या कामाचे उणेपणही त्यात लपवलेले नाही. अशा अहवालामुळे बेडफर्ड उद्या उठतील असे नाही. पण त्यांच्या मुलाला आपल्या वडिलांचे काय झाले हे कळले, आणि चॅट्सवर्थच्या कुटुंबांना ते कळले नाही. ताई, आपण संस्थेला जे विचारले, ते नेमके हेच आहे.

आता त्या संस्थेच्या उत्तराविषयी. रुग्णांचा खासगीपणा जपलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु वर सांगितलेल्या अल्कॉरने आणि मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटने आपल्या अनेक रुग्णांचे अहवाल क्रमांक देऊन, नाव वगळून, प्रसिद्ध केलेले आहेत. मृत्यू किती वाजता घोषित झाला, बर्फ कधी घातला, औषध कोणते आणि किती दिले, द्रावणाची तीव्रता कोणत्या वेळी किती होती, तापमानाचा आलेख कसा उतरला, हे सगळे त्यांत असते. अलीकडच्या काही अहवालांत डोक्याचे सीटी स्कॅनही असते. त्यावर द्रावण कुठे पोहोचले आणि कुठे बर्फ झाला हे दिसते. म्हणजे नाव झाकून काम दाखवता येते, हे सिद्ध झालेले आहे. जी संस्था खासगीपणाचे कारण सांगून नाव आणि काम दोन्ही झाकते, ती रुग्णाचे रक्षण करत नसून स्वतःचे करते आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. मी नावे घेतलेल्या संस्थाही टीकेपलीकडच्या नाहीत. काही अहवाल फार उशिरा निघाले, काही निघालेच नाहीत, आणि अल्कॉरचे एकेकाळचे अध्यक्ष माइक डार्विन यांनीच पुढे या क्षेत्रातल्या कामाच्या दर्जावर कडक शब्दांत लिहिले. घरातल्या माणसाने उघडपणे दोष दाखवावेत आणि ते वाचायला मिळावेत, हे मला या क्षेत्राच्या बाजूचे चिन्ह वाटते.

म्हणून सरांनी संस्थेला पुन्हा लिहावे, आणि या वेळी मोघम न विचारता नेमके मागावे. अलीकडच्या सर्व रुग्णांचे अहवाल मागावेत. संस्थेने निवडून दिलेले दोन उत्तम अहवाल पुरेसे नाहीत, कारण चांगले काम कसे दिसते हे आपल्याला माहितीपत्रकातूनही कळते. किती जणांच्या बाबतीत तुकडी वेळेवर पोहोचली, किती जणांना द्रावण भरताच आले नाही, हे विचारावे. शस्त्रक्रिया कोण करते आणि त्यांचे शिक्षण काय, हे विचारावे. नत्राची पातळी कधी आणि कोण पाहते, त्याची वही नातेवाइकांना दाखवतात का, तिथे जाऊन पाहण्याची मुभा आहे का, हे विचारावे. साठवणुकीचा पैसा संस्थेच्या चालू खर्चापासून वेगळ्या न्यासात ठेवला आहे का आणि त्याचे लेखापरीक्षित हिशेब मिळतील का, हे तर सर्वांत आधी विचारावे, कारण चॅट्सवर्थला देह कुजले ते पैसे संपल्यामुळे. आणि शेवटी हे विचारावे की, आजवर कोणत्या चुका झाल्या आणि त्यानंतर पद्धतीत काय बदलले. या एका प्रश्नाला जी संस्था सरळ उत्तर देईल, तिच्याशी पुढचे बोलणे करायला हरकत नाही. ‘चूक कधीच झाली नाही’ असे जिचे उत्तर येईल, तिचा पत्ता सरांनी वहीतून खोडावा.

यानंतरचा भाग मला जड मनाने लिहावा लागतो आहे, कारण सरांच्या आशेला तो थेट लागतो. वर सांगितलेली चांगली परिस्थिती चोपड्यात उभी करणे जवळजवळ अशक्य आहे. भारतात असे जतन करणारी संस्था नाही. तुकडी परदेशातून यायची म्हटली तर व्हिसा, विमान आणि तापीकाठापर्यंतचा रस्ता यांत दोन-तीन दिवस जातात, आणि कर्करोगाचा शेवट कोणत्या आठवड्यात येईल हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो. मृत्यूनंतर पहिल्या काही तासांत मेंदूची जी हानी होते ती टाळण्यावरच या पद्धतीचा सारा भर आहे. इथे तेवढ्या वेळात पुरेसा बर्फ मिळवून देह गार करणे हेच मोठे काम ठरेल. जिल्हा रुग्णालयाच्या शवागारात तापमान शून्याच्या थोडे वर असते, त्याने कुजणे लांबते, मेंदूची सूक्ष्म रचना जपली जात नाही. मुंबईपर्यंत सात-आठ तासांचा प्रवास, त्यानंतर विमान. विमानाने मृतदेह परदेशी नेताना मृत्यूचा दाखला, पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र आणि एम्बामिंगचे प्रमाणपत्र मागितले जाते. एम्बामिंगमध्ये देह कुजू नये म्हणून रक्तवाहिन्यांत फॉर्मॅलिन हे रसायन भरतात. त्यानंतर गोठणरोधक द्रावण नीट भरता येईल, ही अपेक्षा ठेवू नये. या सर्वांतून देह पोहोचलाच, तर तो बहुधा कोरड्या बर्फात तसाच गोठवलेला पोहोचेल. संस्थेने हे सरांना आपण होऊन सांगितले आहे का? सांगितले नसेल, आणि पूर्ण रकमेचा करार मात्र पाठवला असेल, तर आणखी कोणता पुरावा हवा?

दराविषयी थोडक्यात. संपूर्ण देहासाठी अल्कॉरचा दर दोन लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे दीड कोटी रुपयांहून बराच जास्त. क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा २८,००० डॉलर, पण त्यात उशाशी तुकडी ठेवणे आणि देहाची वाहतूक धरलेली नाही. अमेरिकेतले बहुतेक सभासद तरुणपणी विमा उतरवून हा खर्च भागवतात. सरांना आता तसा विमा मिळणार नाही, म्हणून जमिनीचा विषय निघाला. ती जमीन वडिलोपार्जित असेल तर इतर हिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न येईलच. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी सरांच्या उपचारांना आणि आपल्या पुढच्या आयुष्याला त्या तीन एकरांचा आधार आहे. वर सांगितलेली स्थिती पाहता, तो आधार काढून या कामात घालू नये असे माझे ठाम मत आहे. अहवाल समाधानकारक आले आणि तरीही सरांचे मन त्यातच असेल, तर घर न मोडता जेवढे करता येईल तेवढेच करावे, आणि तशी रक्कम नसेल तर करू नये.

ब्रिटनमधल्या एका खटल्याची आठवण इथे करून देतो. २०१६ मध्ये कर्करोगाने मृत्युपंथाला लागलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने, मृत्यूनंतर आपला देह असा जतन व्हावा म्हणून उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. आईवडिलांत एकमत नव्हते. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी निर्णयाचा अधिकार आईकडे दिला आणि मुलीची इच्छा पूर्ण झाली. पण त्या दिवशी जे घडले त्याबद्दल रुग्णालयाने न्यायालयाला गंभीर शंका कळवल्या. मदतीला आलेले स्वयंसेवक पुरेशा साधनांविना आणि विस्कळीत होते, आणि मुलीच्या शेवटच्या दिवशी आईचे लक्ष तिच्याऐवजी या व्यवस्थेत गुंतले. ताई, सरांच्या शेवटच्या दिवसांत आपण बर्फाच्या गाडीसाठी आणि पोलिसांच्या दाखल्यासाठी फोन करत बसाल की त्यांच्या उशाशी बसाल, हा प्रश्न आपण दोघांनी मिळून आजच सोडवायला हवा. सर हयात असताना त्यांच्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हेही त्याच बैठकीत लिहून काढावे. वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, आणि २०२३ पासून दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की पुरते. हाडांत गेलेल्या कर्करोगाच्या वेदना शमवण्यावर आज पुष्कळ चांगले उपचार आहेत. माझ्या दृष्टीने सरांच्या बाबतीत पहिले लक्ष आणि पहिला पैसा तिकडे गेला पाहिजे.

दिरांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नये. देह मिळत नसेल तर पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा प्रतीकात्मक देह करून त्याचे दहन, करण्याची तरतूद आपल्या परंपरेतच आहे, आणि देहदान करणाऱ्या कित्येक घरांनी दहनाविना पुढचे विधी केलेले आहेत, तेव्हा धर्माची अडचण समजुतीने सुटू शकते. मात्र त्यांना अंधारात ठेवून काही केले तर ते सुटणार नाही. अमेरिकेतले प्रसिद्ध बेसबॉलपटू टेड विल्यम्स २००२ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात दहनाची इच्छा होती. मुलाने त्यांचा देह अल्कॉरकडे नेला, मुलगी न्यायालयात गेली, आणि पुढाऱ्याच्या किंवा खेळाडूच्या घरात होऊ नये एवढी शोभा त्या घराची झाली. पुढच्याच वर्षी संस्थेच्या एका माजी कर्मचाऱ्याने त्यांच्या देहाची हेळसांड झाल्याचे आरोप केले, संस्थेने ते नाकारले, आणि आजही लोक त्या वादावरूनच त्यांचे नाव काढतात. आपल्या घरात ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांच्यासमोर सरांनी आपली इच्छा स्वतः बोलून दाखवावी. पुढच्या पिढीच्या उपयोगी पडावे ही त्यांची मूळ भावना असेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाची चौकशी करावी, आणि नेत्रदानाचा अर्जही भरून ठेवावा. त्या दोन्ही ठिकाणी देहाचे पुढे काय होते हे विचारले तर सांगतात. हा पर्याय मी त्यांच्यावर लादत नाही, फक्त तो त्यांच्यासमोर असावा.

संस्थेला पाठवायच्या पत्राचा मराठी मसुदा मी सोबत जोडला आहे. सरांनी तो आपल्या इंग्रजीत उतरवून पाठवावा आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत त्यातच घालावी. अहवाल आले तर त्यांच्या प्रती मला पाठवा, मी आणि माझे भूलतज्ज्ञ स्नेही ते ओळ न ओळ वाचून आमचे मत कळवू. मुदतीत आले नाहीत, आणि नोंदणी फी भरली असेल, तर ती परत मागणारे दुसरे पत्र लगेच टाकावे. आणि कोणताही करार होवो अथवा न होवो, देह ठरलेल्या वेळेत परदेशी रवाना होऊ शकला नाही तर काय करायचे, दहन की देहदान, आणि तो निर्णय आपण घ्यायचा की मुलाने, हे सरांनी स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून त्यावर मुलाची आणि दिरांची साक्षीदार म्हणून सही घ्यावी.